पीएचपीतील स्ट्रीम आणि रॅपर

सर्व्हरवरची दोन गिगाबाइटची लॉग फाइल वाचून तिच्यातील त्रुटींच्या नोंदी मोजायच्या असतील, तर पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा नव्याने शिकलेला प्रोग्रामर बहुधा संपूर्ण फाइल एकाच आदेशात एका व्हेरिएबलमध्ये भरून घेऊ पाहतो. एका स्क्रिप्टला मिळणाऱ्या मेमरीची मर्यादा मुळात 128 मेगाबाइट ठेवलेली असल्यामुळे ते काम अर्ध्यातच बंद पडते. हीच फाइल स्ट्रीम म्हणून उघडून ओळीमागून ओळ वाचली, तर वाचून झालेल्या ओळीची जागा पुढच्या ओळीला मिळत जाते आणि फाइल कितीही मोठी असली तरी मेमरीचा वापर जवळजवळ तेवढाच राहतो.

स्ट्रीम म्हणजे क्रमाने वाचता किंवा लिहिता येणारा बाइटांचा प्रवाह. साध्या फाइलच्या बाबतीत पीएचपी साधारणपणे एका वेळी 8192 बाइट उचलून बफरमध्ये, म्हणजे मेमरीतील तात्पुरत्या साठ्यात, ठेवते आणि आपण मागितलेली ओळ त्या बफरमधून कापून देते.

मात्र हे बाइट आणायचे कोठून आणि कसे, हे स्ट्रीमला ठाऊक नसते. ते काम रॅपरचे, म्हणजे दिलेल्या पत्त्याच्या प्रकारानुसार बाइट आणून देणाऱ्या कोडचे. आज आपण वापरतो ती स्ट्रीमची रचना 2002 मध्ये आलेल्या पीएचपी 4.3 पासून भाषेत आहे. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपी’ असेल, तर त्याचा रॅपर दूरच्या सर्व्हरशी जोडणी करतो, विनंती पाठवतो आणि उत्तराचा मजकूर प्रवाहात सोडतो. उपसर्गच नसेल, तर पत्ता डिस्कवरील फाइलचा मानला जातो. ‘पीएचपी’ या उपसर्गाखालचा ‘टेम्प’ प्रवाह मला विशेष सुंदर वाटतो, कारण तो दोन मेगाबाइटपर्यंतचा मजकूर मेमरीत ठेवतो आणि त्यापुढे गेल्यास आपण होऊन तात्पुरत्या फाइलकडे वळतो. उघडणे, वाचणे, संपले का हे पाहणे, अशा ठरावीक नावांच्या मेथड असलेला क्लास लिहून स्वतःचा रॅपरही नोंदवता येतो. अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री साठवणुकीतील वस्तू नेहमीच्या फाइलींप्रमाणे उघडता येतात, त्या याच सोयीमुळे.

सगळे प्रवाह सारखे दिसले, तरी ते सारखे वागतात असे नाही. डिस्कवरील फाइलमध्ये मागे जाऊन पुन्हा वाचता येते, पण एचटीटीपीच्या प्रवाहात तसे मागे फिरता येत नाही. शिवाय जाळ्यावरून आठ हजार बाइट मागितले, तरी त्या क्षणी आलेले हजारच हाती पडू शकतात. म्हणून प्रत्येक वाचनानंतर प्रत्यक्ष किती बाइट मिळाले हे तपासावे आणि किती वेळ वाट पाहायची हे कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे प्रवाह उघडताना सोबत देण्याच्या पर्यायांच्या संचात, स्पष्ट सांगावे.

सुरक्षेच्या दृष्टीने तर हा सारखेपणा अधिकच नाजूक आहे, कारण फाइलचे नाव घेणारे बहुतेक फंक्शन रॅपरचा पत्ताही स्वीकारते. वापरकर्त्याने पाठवलेले नाव न तपासता अशा फंक्शनला दिले, तर फाइलऐवजी दूरचा सर्व्हर उघडला जाऊ शकतो. पीएचपी 8 च्या आधी ‘फार’ (phar) या, अनेक फाइली एकत्र बांधलेला संग्रह उघडणाऱ्या रॅपरचा धोका याहून मोठा होता: फाइल अस्तित्वात आहे का, एवढे नुसते विचारले तरी त्या संग्रहातील मेटाडेटामधून, म्हणजे संग्रहाविषयीच्या जोडमाहितीतून, ऑब्जेक्ट आपोआप उभे राहत आणि हल्लेखोराला हवा तो कोड चालवण्याची वाट मिळू शके. पीएचपी 8 ने ही आपोआप होणारी क्रिया बंद केली. मात्र बाहेरून आलेल्या नावातील उपसर्ग तपासण्याची जबाबदारी आजही प्रोग्रामरचीच आहे.