कॅम्पर व्हॅनमधील मायक्रोवेव्ह

राहण्या-झोपण्याची सोय केलेल्या गाडीत बॅटरीवर किंवा मुक्कामाच्या ठिकाणच्या विजेवर चालवला जाणारा मायक्रोवेव्ह ओव्हन. बंद गाडीत ज्योत नको आणि शेगडीची धग नको, म्हणून तो बसवतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत पेंच किंवा ताडोब्याकडे निघणाऱ्यांना धगीचा मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो.

ओव्हनवर लिहिलेले ७०० वॅट म्हणजे अन्नाला मिळणारी शक्ती. प्रत्यक्षात तो साधारण १,१०० ते १,२०० वॅट वीज ओढतो. फरकाची वीज मॅग्नेट्रॉन (अन्न तापवणाऱ्या लहरी निर्माण करणारा भाग) आणि ट्रान्सफॉर्मर तापण्यात जाते. खरेदीच्या वेळी हाच आकडा नजरेतून सुटतो. १२ व्होल्टच्या बॅटरीतून १,२०० वॅट घ्यायचे, तर इन्व्हर्टरमधील (बॅटरीची वीज घरगुती विजेत बदलणाऱ्या यंत्रातील) घट धरून ११० ते १२० अँपिअर प्रवाह लागतो. त्यासाठी तांब्याची जाड केबल, बॅटरीलगत फ्यूज आणि बॅटरीच्या शेजारीच इन्व्हर्टर हवा. लायटरच्या सॉकेटवर ओव्हन कधीही चालवू नये.

वापर मात्र मिनिटांचा असतो. पाव लिटर पाणी चहापुरते तापवायला दोनेक मिनिटे लागतात आणि तेवढ्यात सुमारे ४ अँपिअर-तास खर्च होतात. १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीला हे कागदावर परवडते. पण इतका भार पडताच तिचे व्होल्टेज उतरते, आणि बॅटरी जुनी असेल तर इन्व्हर्टर मध्येच बंद पडतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हा भार सहज पेलते. तिलाही उन्हाचे पथ्य आहेच: बहुतेक उत्पादक चार्जिंगसाठी ४५ ते ५५ अंशांची मर्यादा देतात, आणि नागपुरी उन्हात उभ्या गाडीचा अंतर्भाग ती सहज गाठतो. त्यामुळे गाडी कडुनिंबाखाली उभी करून सोलर पॅनेल लांब वायरीने उन्हात मांडणे हीच इथली शहाणी मांडणी. छतावर कायमचे बसवलेले पॅनेल सावलीत उभ्या गाडीला फारसे कामाचे नाही.

इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारख्या गुळगुळीत लहरींचा घ्यावा. स्वस्त, चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर ओव्हन घुरघुरतो, जास्त तापतो आणि अन्न उशिरा गरम करतो. ओव्हनभोवती हवा खेळती ठेवावी. कपाटात घट्ट कोंबलेला ओव्हन स्वतःच्याच उष्णतेने बंद पडतो. गाडी चालू असताना आतली काचेची थाळी काढून कापडात गुंडाळावी.

प्रवासाचा आपला डबा स्टीलचा असतो आणि तो यात चालत नाही, हे निघण्यापूर्वीच लक्षात घ्यावे. काचेचे किंवा चिनी मातीचे झाकणाचे भांडे सोबत न्यावे. पोह्यांवर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवले तर ते मऊ राहतात. तर्री वेगळी तापवावी. भाकरी मिनिटभराहून जास्त ठेवल्यास चिवट होते.

ढाब्यावर किंवा रिसॉर्टमध्ये २३० व्होल्टची वीज मिळाली, तर अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा सॉकेटच मागावा. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा ओव्हन त्यावर थेट लावल्यास जळतो.