जुन्या वह्या, नवं ईआरपी : सोलापुरात डेटा चढायला महिने का लागतात

अक्कलकोट रोड एमआयडीसी असो की चिंचोळी, टॉवेल-चादरीच्या मध्यम कारखान्यात नवं ईआरपी, म्हणजे खरेदी-विक्रीपासून हिशेबापर्यंत सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, घ्यायचं ठरलं की पहिल्या बैठकीत दोन महिन्यांत गो-लाइव्हचं, म्हणजे त्यावर प्रत्यक्ष काम सुरू करण्याचं, बोलणं होतं. सहावा महिना उजाडतो तरी अकाउंट्सची माणसं दिवसभर जुन्या टॅलीत बिलं करतात आणि संध्याकाळी बसून तीच बिलं नव्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा मारतात. जुना डेटा अर्धाच चढलेला, स्टॉक जुळत नाही, पार्टीच्या बाकीत फरक. शेठ विचारतात, "अहो, सगळं एका पेनड्राइव्हवर मावतंय की, मग एवढे दिवस कशाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र सॉफ्टवेअरमध्ये कमी आणि इथल्या हिशेबाच्या इतिहासात जास्त सापडतं.

सोलापुरात 1877 साली जुनी मिल सुरू झाली आणि पुढे गिरण्या वाढल्या, तेव्हा त्यांच्याकडे हिशेबाची मोठी कचेरी होती. गिरण्या बंद पडत गेल्या, काम शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवर विखुरलं आणि हिशेब घराच्या बैठकीत आला. रोजच्या जमाखर्चाचा रोजमेळ, खातेवार नोंदींची खतावणी, कामगारांच्या उचलीची (आगाऊ घेतलेल्या पैशांची) वेगळी वही. पाडव्याला नवी वही पुजायची, मागची बाकी पहिल्या पानावर ओढायची, जुनी वही माळ्यावर. एका कुटुंबात दोन-तीन फर्म, गोदाम मात्र एकच. कोणता माल कोणत्या फर्मचा हे घरच्यांना तोंडपाठ असायचं, त्यामुळे ते लिहून ठेवायची गरज कुणाला पडली नाही. बाकी ओढायची ही पद्धत उत्तम चालली, पिढ्यान्‌पिढ्या चालली. पुढच्या प्रत्येक बदलात आपण हेच केलं, आणि आजच्या वैतागाचं मूळ तिथेच आहे.

पहिला बदल संगणकाचा. डीबेस आणि नंतर फॉक्सप्रो या डेटा साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये गावातल्याच एखाद्या प्रोग्रामरकडून हिशेबाचा प्रोग्राम लिहून घ्यायचा, अशी पद्धत पडली. रकान्याच्या नावाला जेमतेम दहा अक्षरं मिळायची, म्हणून प्रत्येकाने आपापली आखूड नावं पाडली. कोणत्या रकान्यात काय आहे, याचा कागद फारसा कुणी केला नाही. प्रोग्रामर पुण्याला गेला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर गेलं. फॉक्सप्रोची कंपनी मायक्रोसॉफ्टने 1992 मध्ये घेतली, शेवटची मोठी आवृत्ती 2004 मध्ये आली आणि जानेवारी 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टचा आधारही संपला. असं असूनही गोदामाच्या कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर हे प्रोग्राम चालू दिसतात, कारण बीमचा (मागावर चढवायच्या ताण्याच्या रुळाचा) आणि मागवार उत्पादनाचा हिशेब तिथेच आहे.

मग टॅली. श्यामसुंदर गोयंका आणि भरत गोयंका यांनी 1986 मध्ये बंगळुरूत सुरू केलेलं हे काम सोलापूरच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोचलं आणि 1 एप्रिल 2005 ला राज्यात व्हॅट हा विक्रीवरचा कर आल्यावर त्याला पर्याय राहिला नाही. टॅलीत स्टॉकही ठेवता येतो. पण अनेक ठिकाणी तिथे गेला तो फक्त पैशाचा हिशेब. सूत किती आलं, सायझिंगला (खळ द्यायला) किती गेलं, बाहेर काम करून देणाऱ्या जॉबवर्कवाल्याकडे किती पडून आहे, हे एक्सेलमध्ये किंवा वहीतच राहिलं. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागला तेव्हाही घाईत तेच झालं: ओपनिंग बॅलन्स (सुरुवातीची बाकी) टाकला, पार्टीच्या नावापुढे जीएसटी क्रमांक चिकटवला, पुढे चालू.

ईआरपीची कुळकथा इथली नाही. जर्मनीत आयबीएम सोडलेल्या पाच अभियंत्यांनी 1972 मध्ये सॅप ही ईआरपीची कंपनी काढली. विक्री, खरेदी, उत्पादन आणि हिशेब एकाच जागी, ही मोठ्या उद्योगांची गरज होती. सोलापुरात ती पोचली त्याला कायद्याचा रेटाही कारणीभूत आहे. ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटींवरच्या उलाढालीला लागू झालं आणि पायरी-पायरीने उतरत ऑगस्ट 2023 मध्ये 5 कोटींवर आलं. एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक झालं. चढवताना झालेली चूक नंतर गुपचूप पुसण्याची सोय त्यामुळे उरली नाही. परदेशी ग्राहकाला माल कोणत्या सुताचा, कोणत्या लॉटचा हे विचारायचं असतं, ते वेगळंच.

आता प्रत्यक्ष टेबलावर काय घडतं ते पाहू. जुन्या सिस्टीममधून एक्सेल काढलं जातं. सुताच्या काउंटच्या (जाडी-बारीकपणाच्या आकड्याच्या) रकान्यात कुणी 2/20 लिहिलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. आधी 2/20, 2/10 असं दिसत होतं तिथे तारखांची रांग उभी राहते, आणि मूळ काय होतं हे मालाचं जुनं चलन काढून बघावं लागतं. कोडच्या पुढची शून्यं उडतात. 5 एप्रिल कुठे 4 मे होतो. टॉवेल एका फाइलीत डझनाने, दुसरीत नगाने, तिसरीत किलोने. नव्या ईआरपीला एकच मूळ एकक लागतं, आणि डझनाचं किलो करायचं तर प्रत्येक मापाच्या टॉवेलचं वजन ठरवावं लागतं. हे वजन कुठेच लिहिलेलं नसतं. ते पॅकिंगवाल्या जुन्या माणसाला ठाऊक असतं.

पार्ट्यांचं तर विचारू नका. मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषांच्या माणसांनी इंग्रजीत टंकलेली नावं. एकच व्यंकटेश नावाचा व्यापारी कुठे व्यंकटेश, कुठे वेंकटेश, कुठे मागे 'शॉप' लावून, कुठे मुलाच्या नावाने. चार लेजर (खाती), बाकी चौघांत वाटलेली. जीएसटी क्रमांकावरून जोडावं म्हटलं तर जुन्या नोंदींत तो नाही, आणि ज्या दोन नोंदींत आहे त्या खरोखरच दोन वेगळ्या फर्म निघतात. हा निर्णय सॉफ्टवेअर घेऊ शकत नाही. पुण्याहून आलेला कन्सल्टंटही घेऊ शकत नाही. तो घेऊ शकतो फक्त वसुलीला जाणारा माणूस, आणि तो दिवसभर बाहेर असतो.

एवढं झाल्यावर अपलोड. फाइल कॉपी करणं आणि ईआरपीत नोंद चढवणं यात फरक आहे. ईआरपी प्रत्येक ओळ तपासतं: एकक आहे का, कर-दर आहे का, पार्टी आहे का, जमा-नावे जुळतात का. क्रमही पाळावा लागतो. आधी एकक आणि कर, मग आयटम आणि पार्टी, मग ओपनिंग, मग येणी-देणी बिलवार, मग स्टॉक. मधला एक आयटम राहिला तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या ओळी परत. रात्री लावलेली फाइल सकाळी शेकडो त्रुटींसह समोर येते. ही तपासणी काढून टाकायचा मोह होतो, पण त्यातला धोका जगाने पाहिला आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर 2020 मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलची 65,536 ओळींची मर्यादा ओलांडली गेली आणि 15,841 कोरोना रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत. तिथे कुठली त्रुटी समोर आली नव्हती. ओळी न बोलता गळल्या होत्या.

हाच प्रकार गावोगावच्या विकास सोसायट्यांतही आहे. जून 2022 मध्ये केंद्राने अशा 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला 2,516 कोटी रुपयांची मंजुरी दिली, आणि त्यात जुन्या नोंदी नव्या सामाईक सॉफ्टवेअरमध्ये आणणं हा मोठा भाग आहे. सभासदाचं कर्ज, शेअर, वारस, सगळं वहीतून. काम करणारा सचिव तोच, जो पीककर्जाच्या हंगामात खिडकीवर बसतो.

मला खरा राग येतो तो इथे. उशिराचं खापर फुटतं ते बारा-पंधरा हजारांवर ठेवलेल्या डेटा ऑपरेटरवर नाहीतर वीस वर्षं हिशेब सांभाळलेल्या अकाउंटंटवर. तीन पिढ्यांनी न घेतलेले निर्णय त्याने एका तिमाहीत घ्यावेत, तेही रोजची बिलं, जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणपत्राची तारीख आणि मार्चअखेर सांभाळून. त्याला ते अधिकारही नसतात. दोन लेजर एक करायची तर बाकी बदलते, आणि बाकी बदलायची तर शेठची सही लागते.

शिवाय सगळाच इतिहास चढवायची गरज नसते. जीएसटी कायदा वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने नोंदी जपायला सांगतो, कंपनी कायदा आठ आर्थिक वर्षं. दोन्हींत शब्द जपण्याचे आहेत. त्या नव्या सॉफ्टवेअरमध्येच हव्यात असं कुठे म्हटलेलं नाही. जुनी टॅली वाचता येईल अशी ठेवून, चालू मास्टर (पार्टी, आयटम यांच्या मूळ याद्या), न फिटलेली बिलं, मोजलेला स्टॉक आणि कामगारांची उचल एवढंच पुढे नेता येतं. काय न्यायचं आणि काय मागे ठेवायचं ही यादी शेठ, सीए, हिशेबनीस आणि गोदामवाला यांनी कंत्राटावर सही होण्याआधी एकत्र बसून करायची असते. सध्या ती बहुतेक ठिकाणी पाचव्या महिन्यात, भांडण झाल्यावर होते.