आजीची उपासमार, लेकीची साखर

“ताई, साखर म्हणजे बसून खाणाऱ्यांचा आजार. मला कुठून होणार?” आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी विचारलं. हातात गणपती मंडळाच्या शिबिरातली चिठ्ठी होती. उपाशीपोटी साखर २१४, वजन ४६ किलो. रोज पाच घरची कामं, जनता वसाहतीचा चढ दोनदा, आणि दोन कप चहा सोडला तर गोड काही नाही.

मावशींचा हा समज आपल्या बहुतेकांचा आहे. पण जगातल्या दर चार मधुमेहींपैकी तीनहून अधिक जण कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. असं का, हे शोधणारं फार मोलाचं काम आपल्या पुण्यातच झालं, आणि पुणेकरांनाच ते माहीत नसतं याची मला मनापासून खंत वाटते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांच्या गरोदरपणाचा अभ्यास केला. या बायकांचं गरोदर राहण्याआधीचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होतं. त्यांची बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. इथवर नवल नाही. पण संशोधकांनी वजनकाट्यावर न थांबता बाळांचे दंड आणि पोटाचे घेर मोजले, खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमट्यात धरून तिची जाडीही मोजली. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण फऱ्याखालची चरबी मात्र इंग्रज बाळांच्या मानाने फारशी घटलेली नव्हती. दिसायला रोड आणि आत चरबी राखून असलेलं बाळ!

हे कसं घडतं? पोटात रसद कमी पडली की गर्भ वाटणी करतो. पहिला वाटा मेंदूला. उरलेल्यात यकृत, मूत्रपिंडं, स्वादुपिंड आणि स्नायू. यातल्या काही गोष्टींना पुन्हा संधी नसते. मूत्रपिंडातल्या गाळण्या जन्माआधीच तयार होऊन जातात, नंतर एकही वाढत नाही. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींची भरती मुख्यतः गर्भात आणि तान्हेपणी होते. आणि जेवल्यावर रक्तात येणारी साखर सर्वांत जास्त कोण उचलतं, तर स्नायू. म्हणजे स्नायूंचं कोठार लहान आणि ते साखरेसाठी उघडणारा कारकून, म्हणजे इन्सुलिन, तोही अशक्त. माणूस जन्मभर अर्धपोटी राहिला तर हे कदाचित निभावून जातं. पण शहरात आल्यावर स्वस्तातलं पोटभर मिळतं ते पाव, बिस्किटं, पॉलिशचा तांदूळ आणि तळण. लहान कोठाराला हा लोंढा झेपत नाही.

याच्याही खालचा थर मला सर्वांत आवडतो. जनुकं तीच राहतात, पण त्यांवर मिथाइल नावाच्या चिमुकल्या रासायनिक गटांच्या खुणा बसतात आणि कोणतं जनुक किती बोलणार ते त्या ठरवतात. ब-१२ आणि फोलेट ही दोन जीवनसत्त्वं मिळून शरीरातल्या होमोसिस्टीन या अमिनो आम्लाचं मेथिओनीन हे दुसरं अमिनो आम्ल करतात, त्यापासून एस-अ‍ॅडिनोसिल मेथिओनीन बनतं, आणि तेच डीएनएला मिथाइल पुरवतं. ब-१२ तुटलं तर ही साखळीच अडते. पुण्याच्या अभ्यासात ज्या आयांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त दिसलं. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाकेबंदीमुळे माणशी अन्न दिवसाला १००० कॅलरींच्याही खाली गेलं होतं. त्या उपासमारीत ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या एका वाढीच्या जनुकावरच्या मिथाइल खुणा साठ वर्षांनंतरही कमी आढळल्या.

ब-१२ ची तूट मात्र गरिबांपुरती नाही. ते वनस्पतींत नसतं, त्यामुळे पुण्यातल्या शाकाहारी मध्यमवर्गातही ती भरपूर आढळते. फरक पुढे पडतो: एकाला तपासणी आणि गोळी वेळेवर मिळते, दुसऱ्याला पायाची जखम चिघळल्यावर साखर वाढल्याचं कळतं.

मावशींचा जन्म १९७३ चा. बहात्तरच्या दुष्काळात त्या आईच्या पोटात होत्या आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मुलीचा गर्भ पाच महिन्यांचा झाला की तिच्या अंडाशयात ६० ते ७० लाख अंडपेशी असतात, आणि पुढे जन्मभराचा साठा त्यातलाच. म्हणजे मावशींची मुलगी ज्या अंड्यातून झाली, तेही त्या खडीच्या ढिगाशेजारीच होतं. एकट्या माणसाच्या आजारावर ‘हेच कारण’ असं बोट ठेवता येत नाही, पण त्या काळाचा हिशेब या घरात कुठे कुठे निघत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणि एवढं सगळं कळूनही आपण गरोदर बाईला ग्रहणात अंधारात बसवतो, पिकल्या पपईलाही हात लावू देत नाही, “कमी खा, बाळ लहान राहील, सुटका सोपी होईल” असं सांगतो. हा शेवटचा सल्ला सर्वांत घातक आहे. हजारो रुपये घेऊन पोटातल्या बाळाला बुद्धिमान करण्याचे वर्ग चालतात, त्याच शहरात गरोदर सून सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं जेवते.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक प्रयोग झाला होता. बायकांना गरोदर राहण्याच्या तीन महिने आधीपासून पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला. गरोदरपणातला मधुमेह तुलनेच्या गटात १२.४ टक्के निघाला, खाऊ घेणाऱ्यांत ७.३ टक्के.

मावशींची मुलगी सध्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, सातवा संपतोय. “तिची पण बघायची का?” मावशींनी विचारलं. मंगळवारी तिघी मिळून दवाखान्यात गेलो. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला दिलं. ते फार गोड लागतं म्हणून ती थांबत थांबत प्यायली, मावशींनी पाठीवर हात ठेवला होता. दोन तासांनी रक्त घेतलं. मर्यादा १४० ची. आकडा आला १३१.