राऊटर शोकेसमध्ये कोंडू नका

"नेट चालू आहे, पण आतल्या खोलीत नुसतं गोल गोल फिरतंय," असा फोन आला की आम्ही नेट जोडून देणारे आधी विचारतो, राऊटर (वायफाय देणारा डबा) कुठं ठेवलाय? बहुतेक वेळा तो टीव्हीच्या मागं असतो, नाहीतर शोकेसच्या खालच्या कप्प्यात, दार लावून. डबा दिसायला बरा नाही हे मान्य. पण वायफाय म्हणजे रेडिओ लहरी, त्यांना मोकळी वाट लागते.

नुसतं प्लायवूड फारसं आडवं येत नाही. नडतो तो टीव्हीच्या आतला पत्रा, शोकेसचा आरसा (काचेमागं धातूचा मुलामा असतो), शेजारचं लोखंडी कपाट आणि पाण्याची टाकी. धातू लहर परतवतो, पाणी ती शोषतं. बंद कप्प्यात डबा तापतो आणि मधेच हँग होतो, ते वेगळंच.

राऊटर घराच्या मध्याकडं, जमिनीपासून पाच-सहा फुटांवर, उघड्यावर असावा. अँटेना उभ्या ठेवा. लहर अँटेनाच्या टोकातून नाही, बाजूंनी पसरते. वरच्या मजल्यावर रेंज हवी असेल तर एक अँटेना आडवी करा. स्लॅबमध्ये सळ्यांची जाळी असल्यामुळं तरीही फार आशा धरू नका. शिवाजी पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंतींचंही तेच.

तुमच्या वायफायची बहुधा दोन नावं दिसतात, दोन वेगळ्या लहरींची. २.४ गिगाहर्ट्झचं लांब जातं, पण हळू. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल (लहरींच्या वेगळ्या वाटा) तीनच (१, ६, ११), त्यामुळं अपार्टमेंटमध्ये शेजाऱ्यांच्या राऊटरची तिथं गर्दी होते. मायक्रोवेव्ह चालू झाला की तोही त्यातच लुडबुड करतो. नावापुढं '५जी' लिहिलेलं ५ गिगाहर्ट्झचं असतं. सिमकार्डच्या ५जीशी त्याचा संबंध नाही. ते वेगवान, पण भिंतीला लवकर हार मानतं. १०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन मोबाईलवर ४० च दिसत असतील, तर आधी मोबाईल कुठल्या नावाला जोडलाय ते बघा.

तक्रारीआधी बाकीचे मोबाईल, टीव्ही वायफायवरून काढा, राऊटरपासून सहा फुटांवर बसा, ५जीच्या नावाला जोडून स्पीड टेस्ट करा. तिथं प्लॅनच्या आसपास आकडा आला तर लाईन ठीक आहे, जागा चुकली आहे.

जागा बदलताना पिवळी फायबर वायर ओढू नका. आत काच असते. बांगडीपेक्षा लहान वेटोळं केलं की प्रकाश गळतो, नाहीतर वायर तुटतेच, आणि डब्यावर 'लॉस'चा (LOS, म्हणजे सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागतो. मागच्या भोकात पिनही घालू नका. रिसेट झालं की युजरनेम-पासवर्ड पुसला जातो आणि आमच्या कामावरच्या पोराला फेरी पडते. राऊटरची जागा बदलून द्यायचे (शिफ्टिंगचे) पैसे का, असं लोक विचारतात. नवी वायर, जोड आणि माणसाचा अर्धा दिवस जातो. म्हणूनच फिटिंगच्या दिवशी पोरं जागेवरून हुज्जत घालतात. तेव्हा ऐकलंत तर हा खर्चच नाही.

दोन मजली घराला स्वस्तातला रिपीटर (राऊटरची लहर पकडून पुढं देणारा डबा) घेऊ नका. एकाच रेडिओवर घेणं आणि देणं, त्यात वेग जवळपास निम्मा होतो. त्यापेक्षा वरपर्यंत कॅट-६ वायर (नेटची तांब्याची वायर) ओढून तिथं ॲक्सेस पॉईंट (वायफाय देणारा दुसरा डबा) लावा. वायरचे पैसे आम्ही मोजून, मीटरमागं लावतो. राऊटर तुमचा असला तरी चालेल, बसवून देऊ.

फोन करताना डब्यावर कुठला दिवा लाल आहे आणि सहा फुटांवरचा आकडा किती आला, एवढं सांगा. निम्म्या तक्रारी फोनवरच मिटतात.