दुअंमल (वऱ्हाड)

एकाच मुलखावर एकाच वेळी चालणारा दोन सत्तांचा अंमल म्हणजे दुअंमल. वऱ्हाड, म्हणजे आजच्या विदर्भाचा पश्चिम भाग, १७२४ ते १८०३ अशी जवळपास ऐंशी वर्षे हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दुअंमलात होता. इथल्या खेड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या यादवीचे मूळ याच व्यवस्थेत शोधावे लागते.

१७१९ मध्ये मोगल दरबाराने दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई (वसुलाच्या शेकडा २५) आणि सरदेशमुखी (शेकडा १०) शाहू महाराजांना सनदेने दिली. त्या सहांत वऱ्हाड होते. पाचच वर्षांनी बुलडाण्याकडच्या साखरखेर्ड्याला पहिला निजाम निजामुल्मुल्क याने मोगलांचा सुभेदार मुबारिझखान याला मारून दख्खन आपल्या हाती घेतले आणि गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले. मुलूख निजामाचा झाला, वसुलातला वाटा मराठ्यांचा राहिला. तो वाटा पुढे भोसल्यांकडे आला. दोघांचेही कागद खरे होते. म्हणूनच हे भांडण तुटले नाही.

अचलपूरला निजामाचा सुभेदार बसे आणि परगण्यांतून भोसल्यांचे कमाविसदार, म्हणजे वसुली अंमलदार, फिरत. अर्ध्याहून जास्त वसूल भोसले नेत. वर फौजेच्या घोड्यांसाठी म्हणून घासदाणा वेगळा. हे सारे निघायचे एकाच खळ्यातल्या ज्वारीतून. जमीन काळी, कसदार, ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ म्हणतात तशी. त्यामुळे हक्क सोडायला कोणीच तयार नव्हते. त्यात भोसल्यांच्या घरातच फूट पडली. १७७२ मध्ये जानोजी वारल्यावर मुधोजी आणि साबाजी हे त्याचे भाऊ, एकमेकांचे सावत्र, गादीसाठी लढले. १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत मुधोजीच्या हातून साबाजी मारला गेला.

या काळाची खूण म्हणजे गावोगावची गढी. पांढऱ्या मातीच्या भिंती, पायथ्याशी हातभर नव्हे तर पुरुषभर रुंद, वर निमुळत्या होत गेलेल्या. कोपऱ्यांना बुरूज, आत विहीर. पाटला-देशमुखांचे राहते घर आणि गावाचा आसरा अशी दोन्ही कामे ती करी. आज पुष्कळ गढ्या प्रत्येक पावसाळ्यात थोड्याथोड्या खचत आहेत, आणि त्यांची माती लोक घरा-शेतासाठी नेतात. त्या नुसत्या श्रीमंतीच्या खुणा समजणे मला चुकीचे वाटते. वेशीबाहेरच्या प्रत्येक घोडेस्वाराची धास्ती वाटावी, अशा दिवसांत त्या वापरात होत्या. पेंढाऱ्यांच्या धाडी तर १८१७-१८ पर्यंत चालूच होत्या.

१८०३ च्या नोव्हेंबरात भोसल्यांविरुद्धची अडगावची लढाई आणि डिसेंबरात गाविलगडचा किल्ला इंग्रजांनी जिंकला. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडला. गाविलगड, नरनाळा आणि लगतचे काही परगणे त्यांच्याकडे उरले होते, तेही १८२२ पर्यंत निजामाकडे गेले. धनी एकच झाला, पण शांतता आली नाही. निजामाने वसूल मक्त्याने, म्हणजे ठरावीक रकमेच्या ठेक्याने, दिला. पूरणमल सावकार, त्याच्यामागून पेस्तनजी, असे मक्तेदार आले. मक्तेदाराला यंदाचा पैसा हवा असतो, पुढच्या वर्षीच्या पेरणीची काळजी त्याला नसते. असंतोष पेटत राहिला. १८४१ मध्ये जामोदच्या तटावर बंडवाल्यांनी भोसल्यांचाच झेंडा चढवला. ‘मोगलाई’ हा निजामी मुलखाचा शब्द मराठीत अंदाधुंदीचा शब्द झाला, त्यामागे असेच दिवस आहेत.

बंदोबस्तासाठी ठेवलेल्या हैदराबाद कंटिन्जंट फौजेचा खर्च निजामावर चढत गेला आणि त्या कर्जापायी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाले. मालकी मात्र नावापुरती निजामाचीच राहिली. १९०२ मध्ये इंग्रजांना कायमचा भाडेपट्टा झाला, कारभार नागपुराहून चालू लागला, तरी १९३६ मध्ये निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला.