शोधून न सापडणाऱ्या ‘दऱ्या’ : पार्श्वभूमी

फाइलमध्ये ‘दऱ्या’ हा शब्द डोळ्यांना सहा ठिकाणी दिसतो, शोध दिला की चारच सापडतात. उरलेल्या दोन हुबेहूब तशाच दिसतात, पण त्यांच्यातला अर्धा र वेगळ्या रीतीने टाइप झालेला असतो.

नव्वदच्या दशकात हा घोळ नव्हता, दुसरे होते. तेव्हाच्या फॉन्टांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फॉन्ट बदलला की पानभर कचरा. वाक्याचे पहिले अक्षर आपोआप कॅपिटल करण्याची सोय चालू राहिली, तर पहिले मराठी अक्षरच बदलून जाई. पण अर्ध्या र ला ठरलेली जागा होती, आणि एका फॉन्टपुरते तेवढे पुरत होते.

भारतीय संगणक-संकेताच्या १९९१च्या मानकाने हा र लिहायची रीत ठरवली: ऱ आणि हलन्त. युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या मानकाच्या १९९६च्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र रीत निराळी होती: साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, म्हणजे अक्षरे जोडण्याचे चिन्ह (झीरो विड्थ जॉइनर). पुढे युनिकोडने भारतीय मानकाची रीत घेतली, पण जुना मजकूर मोडू नये म्हणून आधीचीही ठेवली. हेतू चांगला, त्रास कायमचा. एका अक्षराची दोन स्पेलिंगे अधिकृत झाली आणि कोणते उमटणार हे कीबोर्डवर सोडले गेले. ऱ स्वतःही एकसंध नाही. र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, दिला तरी मानकाच्या दृष्टीने तोच ऱ. ही समानता तरी नियमात आहे. जोडकवाला र त्या नियमात बसत नाही. म्हणून नेटका शोधही त्याला ओळखेलच असे नाही.

खरा धोका जोडक गळण्याचा. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना न दिसणारी चिन्हे गाळली जातात, आणि र उडी मारून रफार होतो. दऱ्यांचा दर्या होतो, म्हणजे थेट समुद्र. ‘आचाऱ्याला जेवणाचं सांगा’ असे लिहिलेले ‘आचार्याला’ होऊन छापले गेले, तर शुद्धलेखन तपासनीस हूं की चूं करत नाही. दोन्ही शब्द बरोबरच आहेत.

नंतरच्या गोष्टी भराभर घडल्या. विंडोज २००० सोबत मंगल हा युनिकोड फॉन्ट आला. त्याची उंची इतकी, की इंग्रजी ओळीत एकच मराठी शब्द आला तरी ओळ फुगते. अंतर ‘एक्झॅक्टली’ करून आवळावे, तर वरच्या मात्रा कापल्या जातात. शिवाय वर्डमध्ये देवनागरीचा फॉन्ट ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ नावाच्या वेगळ्या रकान्यात असतो. स्टाइलमध्ये इंग्रजीचा आकार बदलला, मराठी जागची हलत नाही. २००८मध्ये युनिकोडात ॲ ला स्वतंत्र जागा मिळाली, पण अ वर चंद्र देऊन टाइप करणारे आजही आहेत, म्हणजे तिथेही शोधाची तीच गत. नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाने मराठी वळणाचे ल आणि श ठरवून दिले. युनिकोडात मात्र हिंदी आणि मराठी ल एकच, वळण फॉन्टच्या मर्जीवर. त्यावर वाद भरपूर झडले. अर्ध्या र वर त्या मानाने फार थोडे का, हे मला अजून कळलेले नाही.

सध्याचा उपाय हातचाच. फाइल आली की आधी जोडकवाला र शोधायचा आणि सगळीकडे ऱ् घालायचा. अडचण एवढीच, की शोधाच्या दोन्ही चौकटींत दिसते सारखेच.