टायरवाल्यांनी मांडलेलं ताट : फ्रान्सच्या खेड्यातल्या भारी हॉटेलांची पार्श्वभूमी

लियॉनपासून गाडीने तास-सव्वा तासावर रोआन नावाचं गाव आहे आणि त्याच्या बाहेर ऊश नावाचं खेडं. आजूबाजूला कुरणं, गाई, एक तळं, जुना वाडा, आणि मधोमध एका जुन्या ओकच्या झाडाला धरून बांधलेला काचेचा हॉल. हे त्रवाग्रो कुटुंबाचं रेस्टॉरंट. १९६८ पासून सलग तीन मिशलिन स्टार (मिशलिनच्या हॉटेल-गाइडमधला सगळ्यात वरचा दर्जा), तेही पन्नास वर्षांच्या वर. फोटो बघितले की आपल्याकडच्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, इतकं महागडं हॉटेल काढायचं तर इतक्या आडरानात कशाला?

याचं नेहमीचं उत्तर म्हणजे "अहो फ्रेंचांची शेकडो वर्षांची परंपरा आहे ती". ते अर्धंच खरं आहे. स्वयंपाक जुना आहे, चीज जुनं आहे, वाइन तर फारच जुनी, पण शहर सोडून मुद्दाम खेड्यात जायचं, तीन-चार तास जेवायचं, तिथेच झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी परतायचं हा उद्योग जेमतेम शंभर वर्षांचा आहे, आणि तो वाढवला टायर विकणाऱ्यांनी.

आधी काय होतं ते थोडक्यात. रेस्टॉरंट ही मुळात पॅरिसची गोष्ट, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. तो शब्द मुळात ताकद भरून आणणाऱ्या सूपचा, मग ते सूप मिळायचं त्या जागेला चिकटला. वेगळं टेबल, छापलेलं मेनूकार्ड, हव्या त्या वेळी हवं ते मागवायचं, हे सगळं पॅरिसमधे. गावाकडे मात्र सराया. टपालाचे घोडे बदलायच्या टप्प्यांवर मुक्काम पडायचा आणि तिथे जेवण म्हणजे चक्क पंगत, ठरलेली वेळ, एकच लांब टेबल, यजमानाने जे शिजवलं असेल ते, आणि उशिरा पोचलात तर उरलंसुरलं. मग एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि हमरस्तेच ओस पडले. घोडे गेले, प्रवासी गेले, बऱ्याच सरायांचा धंदा बसला, स्टेशनसमोरची हॉटेलं तेवढी तगली.

आता क्लेरमाँ-फेराँ. फ्रान्सच्या मधल्या डोंगराळ भागातलं गाव, आंद्रे आणि एदुआर मिशलिन या भावांचा टायरचा कारखाना. १९०० साली अख्ख्या फ्रान्समधे मोटारी तीन हजारसुद्धा नव्हत्या. आता टायर विकायचे कोणाला? तर गाड्या वाढायला हव्यात, आणि आहेत त्या जास्त पळायला हव्यात म्हणजे टायर झिजतील. म्हणून त्यांनी एक छोटं लाल पुस्तक काढलं आणि फुकट वाटलं, जवळजवळ ३५,००० प्रती. म्हणजे गाड्यांच्या दहापट पुस्तकं, आत्मविश्वास बघा! आत काय, तर टायर कसा बदलायचा, मेकॅनिक कुठे, पेट्रोल कुठे (तेव्हा ते औषधाच्या दुकानातही मिळायचं), आणि जाता जाता, कुठे जेवाल, कुठे झोपाल. जेवण हा त्या पुस्तकात एक कोपरा होता, बाकी सगळं पंक्चरचं.

१९२० पासून पुस्तकाला किंमत लावली. याची कंपनीची आवडती गोष्ट अशी की एका भावाने कुठल्याशा टायरच्या दुकानात आपली पुस्तकं कामाच्या टेबलाच्या पायाखाली टेकण म्हणून लावलेली बघितली आणि ठरवलं की फुकटच्या मालाला मान नाही. गोष्ट जरा जास्तच गोंडस आहे, पण असो. १९२६ पासून चांगल्या जेवणाला स्टार द्यायला लागले, १९३१ मधे त्याच्या एक-दोन-तीन अशा पायऱ्या झाल्या, आणि १९३६ मधे पायऱ्यांचा अर्थ छापला. तो अर्थ नीट वाचण्यासारखा आहे. एक स्टार म्हणजे आपल्या वर्गात उत्तम. दोन स्टार म्हणजे वाट वाकडी करून जावं असं. तीन स्टार म्हणजे फक्त याच्यासाठी प्रवासाला निघावं असं. ही स्वयंपाकाची भाषा नाहीच, रस्त्याची आहे. वाट वाकडी केली की टायर झिजतो, सरळ हिशोब. (त्या पुस्तकातले गावांचे नकाशे इतके चोख होते की १९४४ मधे नॉर्मंडीत उतरलेल्या दोस्त सैन्यासाठी १९३९ ची आवृत्ती पुन्हा छापून घेतली होती.)

त्याच काळात कुर्नोन्स्की या टोपणनावाने लिहिणारा एक लेखक गावोगाव हिंडून तिथलं खाणं लिहून काढत होता, एका मित्राबरोबर त्याने प्रांतवार खाद्यपुस्तकांची मोठी मालिकाच केली. १९२७ साली त्याला खवय्यांचा राजपुत्र म्हणून निवडण्यात आलं, खरंच मतदान घेऊन. तोपर्यंत भारी जेवण म्हणजे पॅरिस असं समीकरण होतं. कुर्नोन्स्कीच्या नादाने शहरी मोटारवाला गावातल्या बाईच्या हातचं खायला तयार झाला.

आणि बाई म्हणजे खरंच बाई, इथे जरा थांबावं लागेल, कारण पांढऱ्या उंच टोपीतले पुरुष नंतर आले. लियॉनमधे श्रीमंत घरांमधे स्वयंपाकाला बायका असायच्या, त्यातल्या काहींनी नोकरी सुटल्यावर स्वतःच्या खानावळी काढल्या. लोक त्यांना 'मेर' म्हणायचे, म्हणजे आई. मेर फियू नावाची एक होती, तिचे पदार्थ मोजकेच, पण प्रत्येक टेबलापाशी जाऊन कोंबडी स्वतःच्या हाताने कापून वाढायची. तिच्या हाताखाली शिकली उजेनी ब्राझिए. ही १८९५ ची, ब्रेस भागातल्या शेतकऱ्याची पोर, दहा वर्षांची असताना आई गेली, मग दुसऱ्यांच्या शेतावर डुकरं राखायची. लग्नाआधी मूल झालं म्हणून बापाने घराबाहेर काढलं. लियॉनला येऊन एका घरी कामाला लागली, तिथेच स्वयंपाक हातात आला. १९२१ मधे र्यू रॉयालवर स्वतःचं छोटं रेस्टॉरंट काढलं. पुढे तब्येतीसाठी म्हणून शहराबाहेरच्या कोल दे ला ल्युएर या डोंगरातल्या खिंडीत एक साधी झोपडीवजा जागा घेतली, सुरुवातीला तिथे गॅस नाही की वीज नाही. गिऱ्हाईक मागोमाग वर चढत आलं. १९३३ मधे मिशलिनने दोन्ही जागांना तीन-तीन स्टार दिले, एका माणसाच्या नावावर एकदम सहा! पुढे १९९८ पर्यंत कोणाला जमलं नाही ते.

तिची प्रसिद्ध कोंबडी म्हणजे 'अर्ध्या सुतकातली कोंबडी'. नाव ऐकून दचकायला होतं पण आहे तसंच. ब्रेसच्या कोंबडीच्या कातडीखाली बोटं सरकवून काळ्या ट्रफलच्या चकत्या (ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी अळंबी) बसवायच्या आणि भाज्या घातलेल्या पाण्यात मंद उकडायची. शिजल्यावर पांढऱ्या पातळ कातडीतून आतलं काळं दिसतं. पूर्ण सुतकात सगळे कपडे काळे, मग काही महिन्यांनी काळ्यात पांढरं मिसळायची मुभा, तो अर्ध्या सुतकाचा वेष, त्यावरून नाव. सॉस नाही, रंग नाही, लपवायला जागाच नाही. कोंबडी खराब असली तर पहिल्याच घासाला कळतं. म्हणून या बाया कोंबडी विकणाऱ्यांचा पार जीव खायच्या. ब्रेसच्या कोंबडीला नंतर १९५७ मधे कायद्याने संरक्षण मिळालं, पांढरी पिसं, लाल तुरा, निळे पाय, म्हणजे फ्रेंच झेंडाच चालत येतोय, आणि प्रत्येकीला किमान १० चौरस मीटर गवत. मुंबईच्या जागांचे भाव बघता कोंबडीचा हेवा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मधे, याच खिंडीतल्या स्वयंपाकघरात पॉल बोक्यूज नावाचा विशीतला पोरगा कामाला लागला. भाज्या चिरणं सोडाच, गाईंचं दूध काढणं, कपडे धुणं, इस्त्री, सगळं करायला लागायचं. पुढे जगभर नाव झालेला हाच तो बोक्यूज, लियॉनबाहेर सोन नदीकाठी वडिलोपार्जित हॉटेल चालवून १९६५ मधे तीन स्टार मिळवलेला.

आता पुन्हा रस्ता. पॅरिसहून दक्षिणेला समुद्राकडे जायचे दोन मोठे हमरस्ते, सहा नंबर आणि सात नंबर. सात नंबर पॅरिस ते इटलीच्या सीमेवरचं माँतों, साधारण हजार किलोमीटर. तेव्हाच्या गाड्यांना हे एका दिवसात शक्य नव्हतं, मधे मुक्काम आलाच. नकाशा काढून त्या काळचे तीन स्टारवाले बघा, रस्त्याला मणी ओवल्यासारखे दिसतात. सहा नंबरवर बर्गंडीत सोलियूला अलेक्सांद्र द्यूमेन, १९३५. सात नंबरवर लियॉनच्या खाली व्हिएनला (ऑस्ट्रियातलं नव्हे) फर्नां प्वाँ, १९३३. अजून खाली व्हालांसला आंद्रे पिक, आणि हा माणूस तर १९३४ मधे डोंगरातल्या आपल्या घरच्या सराईत तीन स्टार मिळवून १९३६ मधे खाली उतरून थेट हमरस्त्यावर येऊन बसला. त्याच वर्षी फ्रान्समधे कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी सुट्टी मिळाली आणि रस्ते भरायला लागले. अर्थात कामगार प्वाँकडे जेवत नव्हते, ते सायकलवर किंवा ट्रेनने जायचे, डबा बांधून.

प्वाँ म्हणजे अवाढव्य देहाचा, गळ्यात मोठा रेशमी बो बांधणारा, सकाळी दाढी करायला न्हावी आला की शॅम्पेनची बाटली उघडणारा माणूस. त्याच्या रेस्टॉरंटचं नाव ला पिरामिद, शेजारी रोमन काळातला दगडी सुळका आहे त्यावरून. आधीच्या पिढीचे आचारी मोठमोठे सॉस आधीच करून ठेवायचे आणि मग त्यांच्यावर दिवस काढायचे. प्वाँचा आग्रह असा की रोज सकाळी भटारखाना रिकामा, बाजारात काय आलंय ते बघून नव्याने सुरुवात. लोण्याचा हात मात्र सैल, फारच सैल. बोक्यूज, त्रवाग्रो भाऊ, आलाँ शापेल हे सगळे याच्याच हाताखालचे. १९५५ मधे तो गेला, आणि नंतर तीस वर्षं त्याच्या बायकोने, मादो प्वाँने, ते तीन स्टार टिकवले. नाव कायम त्याचंच घेतात.

त्रवाग्रोंचं जुनं हॉटेल रोआनच्या स्टेशनसमोर होतं, आईवडिलांनी १९३० मधे घेतलेलं. जाँ आणि पिएर या भावांनी साठीच्या दशकात सामन माशाचा एक पदार्थ काढला. माशाचा पातळ काप, बिनचिकट तव्यावर काही सेकंद, बस, आतून अजून कच्चट. खाली साय, व्हाइट वाइन आणि सॉरेलचा सॉस. सॉरेल म्हणजे आपल्या आंबट चुक्याची बहीणच, शिजवलं की तशीच मऊ होऊन विरघळते. गंमत म्हणजे सॉस माशाच्या वर नाही, खाली, आणि ताट आतूनच मांडून यायचं. त्याआधी वेटर मोठं ताट घेऊन टेबलापाशी येऊन वाढायचा, कापायचा, सगळा तोरा त्याचा. ताट आतून यायला लागलं आणि तो तोरा शेफकडे गेला. १९७३ मधे गो आणि मियो या दोन पत्रकारांनी या सगळ्याला 'नुव्हेल क्विझीन' (म्हणजे नवा स्वयंपाक) नाव दिलं आणि दहा आज्ञा छापल्या. रोआनचं स्टेशन पुढे सामनच्या गुलाबी आणि सॉरेलच्या हिरव्या रंगात रंगवलं गेलं. आपल्याकडे स्टेशनांना पुढाऱ्यांची नावं देतात, तिकडे कालवणाचा रंग देतात.

पण ज्या रस्त्याने आणलं त्यानेच मारलं. १९७० मधे पॅरिसपासून मार्सेपर्यंत एक्सप्रेसवे सलग झाला, १९८१ मधे पॅरिस-लियॉन टीजीव्ही, म्हणजे अतिवेगवान रेल्वे, धावली. सोलियूसारख्या गावात थांबायचं कारणच उरलं नाही. मग जे टिकले त्यांनी मुक्कामाचं हॉटेल हेच गंतव्य केलं, खोल्या, बाग, स्पा, दुकान. वोना नावाच्या छोट्या गावात जॉर्ज ब्लां यांनी तर एकेक करत अर्धा चौकच घेतला. हे सगळं कर्जावर, आणि कर्ज स्टारवर. सोलियूला द्यूमेनच्याच जागेत बर्नार लुआझो आला, हा त्रवाग्रोंकडे शिकलेला. १९९१ मधे तीन स्टार, १९९८ मधे कंपनी थेट शेअर बाजारात. फेब्रुवारी २००३ मधे दुसऱ्या एका खाद्य-गाइडने मार्क कमी केले, मिशलिनचा तिसरा स्टारही जाणार अशा बातम्या छापून आल्या, आणि ५२ वर्षांच्या लुआझोने आत्महत्या केली. त्याला नैराश्याचा जुना त्रास होता, त्यामुळे सगळं खापर गाइडवर फोडणं बरोबर नाही, पण तो स्टार त्या वर्षी गेलाच नव्हता हे वाचून आजही कसंतरी होतं.

नंतर काहींनी हा खेळच नाकारला. ऑब्राक पठारावर लायोल गाव आहे, हजार मीटरहून उंच, वारा, बर्फ, हिवाळ्यात बंदच. तिथे मिशेल ब्रा, पॅरिसला कोणाच्या हाताखाली न शिकलेला, आईकडून स्वयंपाक उचललेला. १९८० पासूनचा त्याचा गार्गुयू हा पदार्थ म्हणजे पन्नास-साठ प्रकारच्या भाज्या, पाला, फुलं, प्रत्येक वेगळी शिजवलेली, एकाच ताटात. वर्णन वाचून मला तर ऋषीपंचमीची भाजीच आठवली, फक्त आपण सगळं एका पातेल्यात घालतो. १९९९ मधे तीन स्टार मिळाले. २०१७ मधे मुलगा सेबास्तियाँने मिशलिनला जाहीर सांगितलं की आम्हाला यादीतून काढा, रोज परीक्षा नको. २०१८ च्या आवृत्तीत काढलं. २०१९ मधे न विचारता दोन स्टार देऊन पुन्हा घेतलं.

तिथे जेवायला बसलं की सुरुवातीला एक लायोलची सुरी मिळते, गावचीच, घडीची. दर पदार्थाला ताट बदलतं, चमचे बदलतात, सुरी मात्र तीच ठेवायची, पावाने पुसून पुढच्या पदार्थाला वापरायची. त्या पठारावरचे गुराखी आपली एकच सुरी खिशात घेऊन फिरायचे, त्यावरून.